निवासस्थानात साप शिरणे कसे थांबले : माझा अनुभव

भामरागड तालुक्यातील आमच्या उपकेंद्राच्या निवासस्थानात पावसाळाभर साप निघत, त्यांत दोनदा मण्यार निघाला. कार्बोलिक ॲसिड आणि फिनाईल शिंपडून काहीही उपयोग झाला नाही. परिचारिका भगिनी भीतीने जागून रात्र काढत, हे पाहवत नव्हते.

अखेर रात्री आत दिवा लावून बाहेरून फटी शोधल्या. प्रथम भिंतीलगतचे सरपण हलवले, कारण त्यात उंदीर होते. नंतर मोरीच्या तोंडाला ६ मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी सिमेंटमध्ये बसवली. मग दाराखाली, उंबऱ्याला घट्ट टेकेल अशी रबरी पट्टी स्क्रूने लावली. मण्यारचा दंश झोपेत अनेकदा जाणवतही नाही, म्हणून प्रत्येकीला खाट दिली आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे सक्तीचे केले. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत घरात साप आला नाही.