वसईचा किल्ला पायी कसा पाहावा: बंदरापासून भुई दरवाजापर्यंत

वसईच्या किल्ल्यात बहुतेक लोक गावाकडून शिरतात, डांबरी रस्त्याने सरळ चालत जातात, दोन-तीन पडक्या चर्चमध्ये फोटो काढतात आणि परततात. अशा फेरीत भिंती दिसतात, शहर दिसत नाही. वसई हे तटाच्या आत वसवलेलं बंदर होतं आणि त्याचा दर्शनी भाग खाडीकडे आहे. म्हणून फेरी उलट्या टोकाने करा: किल्लाबंदरच्या धक्क्यापासून सुरुवात आणि जमिनीकडच्या दरवाजाशी शेवट. अशाने गलबतातून उतरलेला माणूस ज्या क्रमाने शहरात शिरे, त्याच क्रमाने तुम्ही शिराल. आणि १७३९ साली मराठ्यांनी ज्या बाजूने किल्ला फोडला, तिथून बाहेर पडाल.

कधी निघावं

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात किल्ला हिरवागार असतो, पण गवत कमरेपर्यंत वाढतं, दगडांवर शेवाळ धरतं आणि पायाखालची विहीर किंवा खड्डा दिसत नाही. साप-विंचू असतात ते वेगळंच. रविवार टाळता आला तर टाळा. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी चर्चच्या कमानी अडवून बसते.

सकाळी साडेसातला धक्क्यावर पोचलात तर अकराच्या आत फेरी आटोपते. आडवाटा धरून चाल साधारण तीन किलोमीटर होते, पण थांबत-बघत तीन ते साडेतीन तास लागतात. सकाळच्या तिरप्या उन्हाचा आणखी एक फायदा पुढे शिलालेखांपाशी कळेल.

बरोबर काय घ्यावं

माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंतची लांब पँट आणि जाड तळव्याचे बूट. चपलांवर जाऊ नका, बाभळीचे काटे आरपार येतात. डासांचं मलम हवंच. मोबाईलमध्ये किल्ल्याचा उपग्रह नकाशा आधी उतरवून ठेवा. झाडीत वाटा फुटतात, पण रस्ता आणि सेंट जोसेफ चर्चचा मनोरा या दोन खुणा ध्यानात ठेवल्या तर हरवायला होत नाही. स्वच्छतागृह आणि खाण्याची सोय आत असेल असं गृहीत धरू नका. आत शिरायला तिकीट लागत नाही. पण हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे, ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते.

पोचणं

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर पश्चिमेला उतरा. तिथून किल्लाबंदरची बस मिळाली तर ती थेट तटातून जाते. नाही तर शेअर रिक्षाने पारनाक्यापर्यंत या आणि पुढे दुसरी रिक्षा करा. रिक्षावाल्याला नुसतं "किल्ला" म्हटलंत तर तो गावाकडच्या बाजूला सोडेल. "किल्लाबंदर, धक्का" असं स्पष्ट सांगा. भाईंदरहून खाडी ओलांडणारी रो-रो बोट (जिच्यावर वाहनंही चढवता येतात) २०२४ मध्ये सुरू झाली. पाण्यावरून वसई गाठायची असेल तर त्या दिवसाच्या फेऱ्या आधी बघून घ्या.

पहिला टप्पा: धक्का आणि दर्या दरवाजा

धक्क्यावर उभे राहून पाठ खाडीकडे करा. ही उल्हास नदीची खाडी. वर घोडबंदर, ठाणे, कल्याण, आणि खाली उघडा समुद्र. या तोंडावर ज्याची सत्ता, त्याच्या हातात आतल्या मुलखाचा माल, विशेषतः जहाजबांधणीचं लाकूड. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ही त्यांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी राहिली. इथला घडीव दगड गोव्याच्या चर्चना गलबतांतून जाई.

कोळीवाड्यातून जाताना जाळ्यांवर आणि वाळत घातलेल्या मासळीवर पाय पडू देऊ नका. माणसांचे फोटो विचारूनच काढा. हे त्यांचं कामाचं अंगण आहे.

दर्या दरवाजा, पोर्तुगिजांचा 'पोर्ता दो मार', घाईने ओलांडू नका. दाराचं सागवान आणि त्यावरचे लोखंडी सुळे जवळून बघा. दरवाजे एकामागे एक, दोन आहेत. बाहेरचा फोडून आत आलेला शत्रू मधल्या चौकात अडकतो आणि वरून मारा होतो. हीच रचना फेरीच्या शेवटी भुई दरवाजात पुन्हा दिसेल, तेव्हा तुलना करता यावी म्हणून इथे पाच मिनिटं द्या.

दुसरा टप्पा: सेंट जोसेफ

आत आल्यावर थोड्याच अंतरावर उंच मनोऱ्याचं हे मुख्य चर्च. मूळ बांधणी १५४६ ची, १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांच्या काळात ते वाढवलं गेलं. मनोऱ्यात अरुंद चक्री जिना आहे. तो खुला असेल आणि पायऱ्या कोरड्या असतील तरच चढा, एका वेळी एकानेच. वर-खाली करणारी दोन माणसं समोरासमोर आली की एकाला उलट्या पावली उतरावं लागतं, आणि पाय निसटतो तो तिथेच. आग्या माश्यांचं पोळं दिसलं तर मागे फिरा.

मनोऱ्यात घंटेची जागा रिकामी आहे. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज घंटा मराठी मुलखात गेल्या: भीमाशंकर, मेणवली आणि नाशिकचं नारोशंकर मंदिर इथे त्या आजही आहेत. ज्यांनी त्या पाहिल्या आहेत, त्यांनी या रिकाम्या कमानीखाली जरूर थांबावं. घंटेच्या आकाराचा अंदाज इथे नीट लागतो.

तिसरा टप्पा: बालेकिल्ला आणि देवळं

शहराच्या मधोमध जुना गढीवजा किल्ला आहे. बांधणी १५३६ च्या सुमारास सुरू झाली आणि बाहेरचा मोठा तट नंतर शहर वाढलं तसा आला. दारावरचं कोरीवकाम वाचायला शिका: पोर्तुगालची राजमुद्रा, कड्यांचा खगोल-गोल आणि ख्रिस्त-पंथाचा (पोर्तुगालच्या राजांशी जोडलेल्या लष्करी-धार्मिक संघाचा) क्रूस. ही तीन चिन्हं एकत्र दिसली की बांधकामामागे राजसत्ता आहे, असं ओळखावं.

जवळच नागेश्वराचं देऊळ आहे. किल्ल्यात वज्रेश्वरीचंही देऊळ आहे. मोहीम फत्ते झाली तर देवीचं देऊळ बांधीन, हा चिमाजी अप्पांचा नवस प्रसिद्धच आहे. मंदिरांत पूजाअर्चा चालू असते, तेव्हा जोडे बाहेर आणि आवाज बेताचा.

चौथा टप्पा: चर्च ओळखणं

इथे सगळ्यांचा गोंधळ उडतो. छप्पर उडालेल्या सगळ्या वास्तू सारख्याच दिसतात. एकेक खूण धरून चला. जेझुइट, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे कॅथलिक धर्मगुरूंचे तीन वेगळे संघ.

जेझुइटांचं चर्च दर्शनी भागावरून ओळखा: कमानीच्या दोन्ही अंगांना कोरिंथियन (माथ्यावर पानांचं कोरीवकाम असलेले) खांब, किल्ल्यातली सर्वांत देखणी दगडी दर्शनी भिंत. लोक याला गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणतात. हे वसईत जन्मलेले संत, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

फ्रान्सिस्कनांचं सांतो अंतोनियो ओळखायचं ते फरशीवरून. तिथे जमिनीत कोरीव थडगी आहेत आणि सगळ्या फेरीत सर्वाधिक वेळ द्यावा असं हेच ठिकाण. मजकूर रोमन मोठ्या अक्षरांत आहे, शब्द तोडलेले आणि जोडलेले. 'यू'च्या जागी 'व्ही' असतो. 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं. तो शब्द सापडला की त्याच्या पुढे बहुधा नाव येतं आणि आकडे शेवटाकडे. ऊन डोक्यावर आलं की अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात. तिरप्या उजेडात खाचांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. ढगाळ दिवशी मोबाईलचा दिवा दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खडू, कोळसा, पाणी काहीही लावू नका. चुन्याचा आणि कोळशाचा अंश खाचांत राहतो, आणि घासून काढताना अक्षरही जातं. दगडांवर पाय न देता कडेने फिरा.

डॉमिनिकनांचं चर्च झाडीत अधिक दडलेलं आहे. वेळ कमी असेल तर हेच वगळा.

कुठेही भिंतीवर चढू नका. दर्शनी घडीव दगडाच्या आत चुन्यातला भराव आहे. वड-पिंपळाची मुळं त्यात शिरून तो पोकळ करतात, वरून मात्र दगड पक्का वाटतो.

शेवटचा टप्पा: तट आणि भुई दरवाजा

गावाच्या बाजूला आलात की तटावर जाणारी मळलेली वाट घ्या, कडेपासून दोन हात आत राहा. वसईला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल होती. त्यामुळे वेढ्याचा सगळा भार जमिनीकडच्या या एका बाजूवर आला. १७३९ च्या मेमध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने इथल्या बुरुजांखाली सुरुंग लावले. सां सेबास्तियांव आणि रेमेदियोस हे मुख्य बुरूज. तट ढासळला आणि पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. तटावरून बाहेरची सपाट जमीन बघितली की खंदक खणत पुढे सरकणं किती उघड्यावरचं काम होतं, ते कळतं.

भुई दरवाजाशी दर्या दरवाजाची तुलना करा: वाट वळणाची आहे, सरळ धावून दारावर धडकता येत नाही. दरवाजाबाहेर पडून पारनाक्याकडे चालू लागा. वसई रोडच्या शेअर रिक्षा तिथूनच सुटतात.