सहलीची बस ठरवताना या चुका टाळा: ड्रायव्हरचे तास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सहल काढणारे दरवर्षी तीच चूक करतात. स्टिअरिंगवरचे तास तेवढे मोजतात. पहाटे चारला निघून चोर्ला घाटातून गोव्याला, मंगेशी, शांतादुर्गा, मग कळंगुट, आणि रात्री बाराला घरी! गाडी आठच तास चालली म्हणतात, पण माणूस वीस तास कामावर होता. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) घालून दिलेला हिशेब असा होता: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. मधल्या विश्रांतीसकट सगळी ड्युटी 12 तासांच्या आत आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग 9 तास मोकळे. पार्किंगमध्ये तापलेल्या बसमधली डुलकी ही झोप नव्हे.

दुसरी चूक माझ्याच हातून झाली. जोतिबा, अंबाबाई, नरसोबाची वाडी अशी एका दिवसाची सहल. "पहाटे पाचला ये" एवढंच कळवलं. आदल्या रात्री ड्रायव्हर लग्नाचं वऱ्हाड सोडून दोनला परतला होता, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. परतताना रात्री अकराच्या सुमाराला तवंदी घाटात मी केबिनमध्ये बसलो होतो. ट्रकला ओव्हरटेक करताना लावलेला इंडिकेटर टिकटिकतच राहिला. मग डावं चाक कडेच्या खडीत उतरलं. "मामा!" म्हणून ओरडलो. "जागाच हाय की," तो म्हणाला, पण मान वर आली ती त्यानंतर. पुढच्या पंपावर गाडी लावली. मी चहा घेऊन येईपर्यंत तो स्टिअरिंगवर डोकं टेकून गाढ झोपला होता. लोक दोन तास कुरकुरले. कुरकुरू दिलं.

तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी मालकाला नाही, ड्रायव्हरलाच फोन करतो: "मामा, किल्ली किती वाजता ठेवणार?" तिथून नऊ तास भरत नसतील तर निघायची वेळ पुढं जाते.

क्लीनरला 'दुसरा ड्रायव्हर' म्हणून धरू नका. लायसन्स स्वतः बघा.

चहा, तंबाखू, गार एसी, यानं झोप भागत नाही.

मुक्कामाला ड्रायव्हरची खोली आधी ठरवा, मग आपली.

नव्यानं सहली काढणाऱ्यांना वाटेत 'अजून एक देऊळ' वाढवायची फार घाई असते. मी कार्यक्रमपत्रिका छापली की एकही ठिकाण वाढवत नाही. सौंदत्तीला पौर्णिमेच्या गर्दीत अडकलेले तासही ड्युटीतच मोजायचे, म्हणून यल्लम्माच्या यात्रेला मी मुक्कामच धरतो.