मित्राची मुलं घेऊन गळ टाकायला जाताय? या चुका टाळा

आपल्या मुलांना पाण्यावर नेणं वेगळं आणि मित्राच्या मुलांना नेणं वेगळं. आपलं पोरगं पाण्याला बिचकतं की पाणी दिसताच धावत सुटतं, हे आपल्याला ठाऊक असतं. मित्राच्या मुलांचं तसं नसतं. शिवाय ती आपल्याला ‘काका’ म्हणत असली, तरी बाबांचं जितकं ऐकतात तितकं काकांचं ऐकत नाहीत. पुण्याहून पानशेत, पवना किंवा मुळशीच्या बाजूला असा एक दिवस काढायचा असेल तर पुढच्या गोष्टी आधीच ठरवून निघा.

स्वतःची काठी सोबत नेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. गळ टाकला की माणसाची नजर फ्लोटवर, म्हणजे दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेवर, खिळते. तेवढ्यात धाकटा दगडावरून दगडावर उड्या मारत दहा फूट लांब गेलेला असतो. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गुपचूप खाली जातं. म्हणून त्या दिवशी तुम्ही मासे धरायचेच नाहीत. गांडूळ लावून द्या, गुंता सोडवा, पाणी पाजा आणि सतत मोजत राहा. दोन मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. मुलं तीन असतील तर मित्राला किंवा वहिनींना सोबत घ्या. काठावर असेपर्यंत अंगात लाइफ जॅकेट असू द्या, आणि ते मुलाच्या मापाचं हवं. हवा भरलेली ट्यूब हा त्याला पर्याय नाही.

घरी नीट न विचारता निघणं

पोहता येतं का, गाडी लागते का, दम्याचा पंप किंवा कसली ॲलर्जी आहे का, हे आदल्या दिवशीच विचारा. आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: धरलेल्या माशाचं करायचं काय? मित्राचं घर माळकरी असेल, किंवा श्रावण चालू असेल, तर पिशवीत मासा घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही. मासा सोडायचा की खायला आणायचा, हे मुलांसमोरच ठरवा. आयत्या वेळी सहा-सात वर्षांची मुलगी ‘त्याला मारू नका’ म्हणून रडायला लागली तर तिला हसू नका. तिचा मासा लगेच पाण्यात सोडा.

चुकीची जागा

जवळ म्हणून खडकवासला सगळ्यांना आधी आठवतो. रविवारी चौपाटीवर गर्दी असते, तिथे काठी फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्याशी खेळ. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही पुण्याला पाणी देणारी धरणं आहेत. भिंतीजवळ, आणि मनाईची पाटी असेल तिथे, गळ टाकायचा नाही. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यामुळे काठावरच्या गावात आधी विचारा. कुठे बसू, पाणी कुठे खोल आहे, हे तिथल्या माणसाइतकं कोणी सांगू शकत नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला आणि भेगाळलेला दिसतो. खाली मात्र तो लोण्यासारखा मऊ असतो आणि मूल गुडघ्यापर्यंत रुततं. मुरमाड किंवा खडकाळ, हळूहळू उतरत जाणारा काठ शोधा आणि पहिल्यांदा स्वतः चालून बघा. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या नदीवर मुलांना नेऊच नका. वर विसर्ग वाढला की इथे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं.

आता शेततळ्याबद्दल. ओळखीच्या कुणाच्या शेतात तळं असतं, त्यात रोहू-कटला सोडलेले असतात आणि मालक आपुलकीने ‘या की’ म्हणतो. ही जागा सगळ्यात सुरक्षित वाटते, पण लहान मुलांसाठी ती सगळ्यात धोक्याची आहे. तळाला आणि उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं. आत घसरलेल्या माणसाला पाय रोवायला जागाच मिळत नाही, चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशा तळ्यांत मुलं बुडाल्याच्या आणि त्यांना वाचवायला उतरलेली मोठी माणसंही गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. भोवती कुंपण, आत सोडलेले गाठींचे दोर आणि हाताशी मोठी ट्यूब नसेल, तर मालकाला प्रेमाने नाही म्हणा.

कुठेही, कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर, लांब काठी, रिकामा बंद कॅन, जे हाताला लागेल ते फेका आणि 112 वर फोन करा. डोंगराआड रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कुठे मिळते ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

महागडं सामान

मुलांच्या हातात रीळवाली काठी देऊ नका. अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. सात-आठ फुटांची हलकी बांबूची काठी, तिच्याच लांबीचा बारीक तंगूस (नायलॉनची दोरी), फ्लोट, शिशाचा छोटा मणी आणि लहान गळ एवढं पुरतं. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात लक्षात ठेवा. मुलांसाठी 10 ते 12 नंबर ठीक. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. एखादा मासा निसटेल, पण बोटात गेलेला गळ सहज बाहेर येईल. डोक्यावरून काठी फिरवू द्यायची नाही, खालून झुलवून टाकायला शिकवा. सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल आणि डोक्यावर टोपी.

मासा लागत नसेल तर

मुलांचा धीर अर्ध्या तासाचा. तेवढ्यात काहीतरी लागलं पाहिजे, म्हणून मोठ्या माशाचा नाद सोडून काठाजवळच्या छोट्या चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) मागे लागा.

फ्लोट जराही हलत नसेल तर बहुधा आमिष चुकीच्या खोलीवर आहे. फ्लोट थोडा थोडा वर सरकवून आमिष तळापासून वीतभर वर राहील असं करा. भाताची शितं आणि शेंगदाण्याची पेंड कालवून लिंबाएवढे गोळे एकाच जागी टाका आणि पंधरा मिनिटं तिथेच गळ ठेवा. सारखी जागा बदलणं हेच मुलांचं नेहमीचं चुकतं.

फ्लोट नाचतोय पण गळ रिकामा येतोय, म्हणजे बारीक मासे आमिष कुरतडताहेत. अख्खं गांडूळ लोंबतं ठेवू नका, नखाएवढा तुकडा गळाच्या टोकापर्यंत ओवा. कणीक वापरत असाल तर चिमूटभर कापूस मळून घ्या, ती पाण्यात लवकर सुटत नाही. गांडुळं आदल्या संध्याकाळी मुलांनाच कुंडीतून शोधायला लावा आणि ओल्या मातीच्या डब्यात सावलीत ठेवा.

वेळही बघा. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मासे खातात. थंडीत मात्र पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, ऊन चढल्यावर जा.

गळ बुंध्यात किंवा दगडात अडकला तर तो सोडवायला पाण्यात उतरायचं नाही. मुलांना मागे पाठवा, तंगूस काठीला गुंडाळा आणि सरळ रेषेत ओढा. तुटला तर तुटला. हाती आलेला तुकडा मात्र खिशात घाला, काठावर पडलेल्या तंगुसात बगळ्यांचे पाय अडकतात.

मासा लागल्यावरची घाई

आधी हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग जगेलच असं नाही. चिलापीच्या पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत दाबून धरायचे. शिंगाळ्याला मुलांनी हातच लावायचा नाही, त्याच्या कल्ल्यांजवळचा काटा चांगलाच बोचतो. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणलेली. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तोंडातून पिल्लं बाहेर पडताना दिसली तर मुलांना दाखवा आणि तिला लगेच पाण्यात सोडा. मुलं ही गोष्ट घरी जाऊन सगळ्यांना सांगतात.

गळ बोटात खोल रुतलाच आणि त्याचा उलटा काटा दाबलेला नसेल, तर ओढाताण करू नका. तंगूस कापा, गळ हलणार नाही अशी पट्टी बांधा आणि डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे मित्राला फोनवर विचारून घ्या.

परत निघायला उशीर करू नका. रविवारी संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि दमलेली, भुकेली मुलं मागच्या सीटवर भांडायला लागतात. तीनपर्यंत सामान आवरा. गळ मोजून डब्यात भरा. एक जरी कमी भरला तर गाडी सुरू करण्याआधी मुलांचे खिसे, बाह्या आणि सीट तपासा.