विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर रोमिंग प्रोफाइल कसे सांभाळावे

रोमिंग प्रोफाइल म्हणजे वापरकर्त्याचा डेस्कटॉप व सेटिंग्ज सर्व्हरवर ठेवून तो बसेल त्या संगणकावर आणण्याची सोय. कार्यालयात काही संगणकांवर विंडोज ७ आणि काहींवर विंडोज १० असेल, तर जुन्या संगणकावर मांडलेला डेस्कटॉप नव्यावर दिसत नाही ही तक्रार येणारच. यात बिघाड काही नसतो. प्रोफाइलची अंतर्गत रचना बदलत गेल्यामुळे विंडोज प्रत्येक रचनेसाठी सर्व्हरवर वेगळे फोल्डर तयार करते आणि त्याच्या नावाला शेवटी खूण जोडते. एक्सपीला खूण नाही. व्हिस्टा व विंडोज ७ यांना व्ही२, विंडोज १० च्या १५०७ व १५११ या आवृत्त्यांना व्ही५ आणि १६०७ पासून पुढे, विंडोज ११ धरून, व्ही६.

विंडोज ८ आणि ८.१ मात्र जपून हाताळावे लागतात. त्यांच्या व्ही३ व व्ही४ या खुणा योग्य अपडेट बसवून रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदींत) ‘यूज प्रोफाइल पाथ एक्स्टेन्शन व्हर्जन’ हे मूल्य १ केल्यावरच लागतात; तोवर हे संगणक विंडोज ७ चेच व्ही२ फोल्डर वापरतात आणि त्यातून प्रोफाइल बिघडण्याचा धोका असतो.

प्रथम सर्व्हरवर प्रोफाइलसाठी शेअर (नेटवर्कवरून उघडता येणारे सामायिक फोल्डर) तयार करावा, नावाच्या शेवटी डॉलरचिन्ह देऊन तो लपवावा आणि त्याचे ऑफलाइन कॅशिंग, म्हणजे त्यातील फाइलींची प्रत संगणकावर साठवणे, बंद ठेवावे. प्रोफाइल फोल्डरवर प्रशासकांनाही अधिकार देणारी ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांना एकदम लागू होणारा नियम) याच वेळी लावावी, कारण ती आधीच तयार झालेल्या प्रोफाइलना लागू होत नाही.

त्यानंतर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (वापरकर्त्यांच्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदीत) वापरकर्त्याच्या गुणधर्मांतील ‘प्रोफाइल’ टॅबवर शेअरचा मार्ग आणि वापरकर्त्याचे नाव एवढेच लिहावे. व्ही६ ही खूण हाताने लिहू नये. ती विंडोज स्वतः जोडते, आणि आपणही लिहिली तर फोल्डरच्या नावात ती दोनदा येते.

सर्व आवृत्त्यांत एकच प्रोफाइल चालवण्याचा हट्ट सोडणे माझ्या मते शहाणपणाचे आहे. सेटिंग्ज वेगळ्या राहू द्याव्यात आणि फाइली तेवढ्या सामायिक कराव्यात. त्यासाठी फोल्डर रिडायरेक्शनच्या पॉलिसीने ‘डॉक्युमेंट्स’ व ‘डेस्कटॉप’ ही फोल्डरे वेगळ्या शेअरवर वळवावीत. यामुळे कर्मचारी कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याच्या फाइली त्याला मिळतात, आणि प्रोफाइलचा आकार घटल्याने लॉगऑनही लवकर होते. ‘ॲपडेटा’ या प्रोग्रामच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या फोल्डरातील रोमिंग भाग मात्र असा वळवू नये, कारण एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या तिथल्या त्याच फाइलींवर लिहू लागतात.

चाचणी एखाद्या नमुना खात्यावर, प्रत्येक आवृत्तीच्या संगणकावर लॉगऑन व लॉगऑफ करून घ्यावी. बदल सर्व्हरवर मुख्यतः लॉगऑफच्या वेळी जातात, त्यामुळे नुसते स्क्रीन लॉक करून उठणाऱ्यांना लॉगऑफची सवय लावावी लागते. एकाच आवृत्तीच्या दोन संगणकांवर एकाच वेळी काम केल्यास नंतर लॉगऑफ केलेल्या संगणकावरील सेटिंग्ज टिकतात.

व्ही२ ची जुनी फोल्डरे ती वापरणारा शेवटचा संगणक निघाल्यावरच, बॅकअप घेऊन काढावीत.