सेट टॉप बॉक्समध्ये सॉफ्टवेअर मारताय? आधी या चुका टाळा

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बॉक्स काउंटरवर ठेवणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "चॅनल गेलेत, सॉफ्टवेअर मारून द्या." म्हणजे बॉक्समधलं सॉफ्टवेअर काढून नव्याने घाला. आजाराचं नाव आणि औषध दोन्ही तोच सांगतो. सॉफ्टवेअर बिचारं बहुधा निर्दोष असतं.

घरीच मेनूत सिग्नलचं पान उघडा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर गडबड छत्रीत, एलएनबीत (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल घेणारा भाग) किंवा सेटिंगमध्ये आहे. डीडी फ्री डिशचे चॅनल ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंशांवर असतो. ऑफसेट छत्री (जिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो) मात्र त्याहून बरीच उभी दिसते, म्हणून नजरेच्या अंदाजाने ती आणखी वर करू नका. वळवाच्या वाऱ्यात नट सैल होऊन ती जराशी हलली, तरी क्वालिटी जाते. फॅक्टरी रिसेट मारल्यावर एलएनबीची फ्रीक्वेन्सीही बदललेली असू शकते. युनिव्हर्सल एलएनबीला ९७५०/१०६०० लागते. तिथे १०७५० राहिलं तर स्कॅन कोराच येणार.

क्वालिटी उत्तम, पण काही चॅनल यादीतच नाहीत? बॉक्स जुना, एमपीईजी-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीचा असेल. त्याचा ट्यूनर डीव्हीबी-एस२ हा नव्या पद्धतीचा सिग्नल पकडतच नाही. हे हार्डवेअरचं काम, फाइल बदलून ट्यूनर बदलत नाही. आवाज येतो आणि चित्र नाही, तेव्हा कोडेकचा, म्हणजे चित्र उलगडणाऱ्या पद्धतीचा, संशय घ्यावा. चॅनलवर 'स्क्रॅम्बल्ड' लिहून आलं तर तो कूटबद्ध आहे. पैसे भरून घ्यायचे चॅनल 'एका फाइलीत' फुकट उघडून देतो म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. ती चोरीच, आणि तीही चार दिवस टिकणारी.

एवढं करूनही सॉफ्टवेअर मारायचंच असेल, तर माझी फजिती ऐका. बॉक्सवरचं मॉडेलचं नाव पाहून मी फाइल उतरवली. नाव तंतोतंत तेच, पण आतला बोर्ड वेगळा: फाइल सनप्लस १५०६ या चिपची, बॉक्समध्ये चिप जीएक्स६६०५एस. अपडेट शंभर टक्के झालं, बॉक्स बंद झाला आणि पुन्हा काही उठला नाही. स्टिकरवर विश्वास ठेवायचा नाही, हे तेव्हा कळलं. मेनूतल्या माहितीच्या पानावरचं जुन्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहून घ्या, झाकण उघडून चिपवरचा नंबर वाचा (प्लग काढून!) आणि फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवणारी मेमरी) ४ एमबीची की ८ ची हेही पाहा. मेनूत सोय असेल तर जुनं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आधी उतरवून ठेवा. आळस नेमका इथेच होतो, आणि बॉक्स बसल्यावर उपयोगी पडते ती हीच प्रत. पेनड्राइव्ह एफएटी३२ केलेला हवा, नाहीतर बऱ्याच बॉक्सना फाइल दिसतच नाही.

अपडेट चालू असताना वीज गेली तर बॉक्स अर्ध्यावर बसतो. तेव्हा ढग गडगडायला लागले असतील तर पेनड्राइव्ह खिशातच राहू द्या. बॉक्स सतत आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी त्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. म्हातारा अडॅप्टर लोड आला की दम टाकतो आणि बोल मात्र सॉफ्टवेअरला लागतो.