कातळशिल्पांच्या सड्यावर संशोधन आखताय? या चुका टाळा

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आणि त्यावर कोरलेली जुनी चित्रं म्हणजे कातळशिल्पं. त्यांची बारसू, उक्षी, देवीहसोळ, कशेळी अशी कोकणातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तेव्हापासून सड्यावर टेप घेऊन फिरणारे वाढले. उत्साह चांगलाच, पण बरेच जण नुसती चित्रं मोजून परततात.

चित्राभोवती चौकोन आखला की पाणसाठा, जुनी पायवाट, शेजारची चिरेखाण सगळं चौकोनाबाहेर पडतं. मग कुंपण कुठवर घालायचं, असं ग्रामपंचायतीनं विचारलं की अहवालात उत्तर नसतं. म्हणून आधी जपणाऱ्यांचे प्रश्न लिहून काढा. गाड्या कुठे थांबवायच्या? पावसाचं पाणी कुठून वाहतं? चबुतरा बांधला तर ते चित्रातच तुंबेल का? पाहणी या प्रश्नांवरून आखा.

कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब, पोटात इतर प्राण्यांची गर्दी. उभ्याने नीट दिसत नाही, म्हणून हात खडूकडे जातो. तो आवरा. जांभा सच्छिद्र, भुकटी भोकांत बसते. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही ओढलेली रेघ तुमच्या समजुतीची असते आणि पुढचा माणूस तिचाच फोटो काढतो! अख्ख्या आकृतीसाठी ड्रोन वापरा. बारकाव्यांसाठी सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात खाचेची एक कड सावलीत जाते आणि रेषा आपोआप उठून दिसते.

रेषा गाळाने बुजल्यात? खुरपं, तारेचा ब्रश नको. गाळसुद्धा पुरावा असू शकतो; परवानगी आणि नोंद झाल्याशिवाय उपसू नका. देवाचे गोठणे इथे होकायंत्राची सुई भरकटते, तेव्हा नकाशाची उत्तर दिशा जीपीएसवरून घ्या.

‘इतक्या हजार वर्षांपूर्वीचं’ अशी पाटी लावायची घाई तर अजिबात नको. कोरलेल्या रेषेत वय मोजायला कार्बन नसतो. आसपासची दगडी हत्यारं, कोळोशीसारख्या गुहा, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा यांच्यावरून वयाचा अंदाज बांधावा लागतो; त्यासाठी वेळ आणि पैसे पहिल्यापासून राखून ठेवा.

आणि सातबारा बघा. बऱ्याच सड्यांची जमीन खाजगी आहे. मालकाला न विचारता खुंट्या ठोकल्या तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर नसतात, आणि त्यात त्याची काही चूक नसते.