काळजीला वेळ ठरवून द्या
रात्री दिवा मालवला की घराचे हप्ते, आईचे रिपोर्ट, साहेबांचं बोलणं असं सगळं डोक्यात फिरायला लागतं. संध्याकाळच्या चहानंतर १५ मिनिटं काळजीसाठीच राखून ठेवा. जुन्या वहीत एकेक काळजी लिहायची आणि पुढे उद्या जमेल असं एक काम: ‘रिपोर्ट – सकाळी ११ला डॉक्टरांना फोन.’ हातात काहीच नसेल तर फुली. (माझ्या वहीत फुल्याच जास्त!) रात्री तोच विचार आला, की ‘उद्या चहानंतर’ म्हणून कूस बदलायची. पहिले काही दिवस जमत नाही, चालू ठेवा. सुरू असलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. दोन आठवडे झोप-भूक उडालेलीच असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं.